हात? बाहेर!

मत्सर हा शब्द जरा शिष्ट आहे. त्या हिवाळ्यात मला जे होत होतं त्याला आमच्या घरात 'जळणं' म्हणतात, आणि मी चांगले चार महिने जळत होते. कुणावर, तर शेजारच्या घरातल्या एका सरळ, हसतमुख, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या नागपूरच्या माणसावर. त्याचा गुन्हा एवढाच की त्याने बर्फ लोटायचं यंत्र विकत घेतलं, आणि माझे वडील जवळजवळ त्याच्या गॅरेजमध्येच राहायला गेले. जेवायला आणि झोपायला तेवढे माझ्याकडे यायचे.

दोन हजार नऊ साल होतं. कार्डिफच्या वर डोंगराकडे गेलं की आमचा आठ घरांचा चढ लागायचा. रस्ता प्रायव्हेट, त्यामुळे कौन्सिलचा मीठ टाकणारा ट्रक खालच्या मेन रोडवरून जायचा आणि आमच्याकडे ढुंकूनही पाहायचा नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत बर्फ पडला तेव्हा आम्ही तीन दिवस वर अडकलो होतो. माझा नवरा हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. तो ऑन-कॉल होता म्हणून बॅग घेऊन पायी निघाला आणि अर्धा चढ बसूनच उतरला. डाव्या हाताला एक म्हाताऱ्या वेल्श बाई राहायच्या. त्यांच्या हीटिंगचं तेल संपलं, आणि तेलाचा टँकर खालच्या वळणावरूनच परत गेला. मग त्या दोन दिवस आमच्या हॉलमध्ये रजई गुंडाळून बसल्या होत्या.

उजव्या हाताचा शेजारी म्हणजे हा नागपूरकर. कार्डिफला सॉफ्टवेअरमध्ये होता, माझ्यासारखाच. तो तेव्हा म्हणाला होता, "वहिनी, पुढच्या वर्षी असं होऊ द्यायचं नाही, सांगून ठेवतो." असं सगळेच म्हणतात. त्याने खरंच केलं. उन्हाळ्यात कुठल्याशा शेतावरच्या लिलावात त्याने बर्फ लोटायचा एक जुना फाळ घेतला. सात फूट रुंद, पिवळा, कडेला गंजलेला. त्याच्या जुन्या फोर बाय फोरला पुढून पोलादी चौकट बसवून घेतली. दोन जाड पिना घातल्या की फाळ गाडीला लागायचा. सीटजवळच्या छोट्या दांडीने तो वर-खाली आणि डावा-उजवा व्हायचा. इथपर्यंत मला त्याचं काही वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी हसले होते. चव्वेचाळीस डिग्रीत वाढलेला माणूस बर्फाचं यंत्र घेतोय म्हणून.

मग सप्टेंबरात बाबा आले.

आई जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि पुण्यात ते एकटेच राहत होते. सहा महिन्यांच्या व्हिसावर मी त्यांना हट्टाने आणलं. बाबांनी सगळा जन्म पुण्यातल्या एका ट्रकच्या गॅरेजात काढला होता. मिस्त्री म्हणून त्यांचा शब्द चालायचा. त्यांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं अर्ध्यातूनच नाहीत. मी चार-पाच वर्षांची असताना जॅक सटकला आणि बोटं गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्याविषयी घरात कुणी बोलायचं नाही.

लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन गॅरेजात जायचे. मला तिथलं सगळं आवडायचं. डिझेलचा वास, पान्यांचा आवाज, ट्रकखालून येणारे बाबांचे पाय. मी जरा पुढे सरकले की ते म्हणायचे, "लांब उभी राहा." डबा भिंतीपाशी ठेवायचा आणि लांब उभं राहायचं. मी किती वर्षं लांब उभी राहिले असेन! बाकीच्यांना ते शिकवायचे, कुणाचं काम साधलं की पाठीवर थाप मारून "शाबास" म्हणायचे. मला कधीच नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग घेतलं ते खरं तर त्या एका शब्दासाठी. अख्ख्या वर्गात आम्ही तीन मुली. निकाल घेऊन गॅरेजात गेले तर पेढा तोंडात टाकून म्हणाले, "बरं झालं. आता ऑफिसातली नोकरी बघ."

तर हे बाबा. वेल्समध्ये येऊन चार दिवसांत ते कंटाळले. टीव्ही कळेना, थंडी सोसेना. पाचव्या दिवशी शेजारच्या गॅरेजचं दार उघडं दिसलं आणि ते स्वेटर चढवून तिकडे गेले. मी मागोमाग गेले.

"हे काय आहे?"

"काका, स्नो प्लाऊ. बर्फाचा नांगर म्हणा न."

बाबांनी फाळावरून हात फिरवला. "नांगर कसा? नांगर जमिनीत घुसतो. हा वरच्यावर लोटतो. ही केणी आहे."

नागपूरकराला शब्द माहीत नव्हता. मला होता. बाबांच्या गावी बैलांच्या मागे एक रुंद फळी लावून शेतातली माती उंचावरून खोलगटात सारतात, ती केणी. मी सांगायला तोंड उघडलं, पण बाबांनी त्याचा खांदा धरून त्याला सगळं समजावायला सुरुवातही केली होती. हाताने बैल दाखवले, फळी दाखवली, फळीवर उभं राहून तोल कसा सांभाळायचा तेही दाखवलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात कुंपणापलीकडून म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "केनी? ओ, व्हॉट अ लव्हली नेम." त्या दिवसापासून सगळ्या चढावर यंत्राचं नाव केनी पडलं. पोस्टमनसुद्धा विचारायचा, केनी बरा आहे का?

मी घरी येऊन भांडी जरा जोरातच घासली.

त्यानंतर रोजचाच कार्यक्रम झाला. शेजारी ऑफिसातून आला की बाबा तयारच. दोघांनी पिना काढून घासल्या, ग्रीस भरलं. फाळाच्या खालची पोलादी पट्टी झिजलेली होती, ती काढून उलटी बसवली. फाळाच्या मागे जाड स्प्रिंगा असतात. वाटेत दगड लागला तर फाळ मोडायच्या ऐवजी पुढे झुकावा म्हणून. त्यांच्यावर बाबा पान्याच्या मुठीने टकटक करत आणि कान लावत. एका तेलाच्या नळीतून बारीक गळती होती. शेजारी हाताने चाचपायला गेला तर बाबा ओरडले, "हात नको! दाबातलं तेल कातडीत घुसतं." मग माझ्या मावसभावाची लग्नपत्रिका आणून ती नळीजवळून फिरवली. जिथे पत्रिकेवर ठिपका उमटला तिथे गळती. ती पत्रिका मी आठवण म्हणून जपून ठेवली होती. विचारलं कुणी?

आणि त्यांनी त्याला गॅरेजातली आरोळी शिकवली. दांडीवर बसलेल्याने फाळ हलवायच्या आधी विचारायचं, "हात?" बाहेर उभ्या असलेल्याने दोन्ही हात वर करून दाखवायचे आणि म्हणायचं, "बाहेर!" त्याशिवाय दांडीला बोट लावायचं नाही. गाडी उभी केली की फाळ जमिनीवर टेकवायचा, किल्ली काढायची. उचललेल्या फाळाखाली हात, पाय, काही न्यायचं नाही, खाली लाकडाचे ठोकळे लावल्याशिवाय तर वाकायचंसुद्धा नाही. संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. "हात?" "बाहेर!" "हात?" "बाहेर!" हीच आरोळी मी भिंतीपाशी डबा घेऊन ऐकत मोठी झाले होते. ती माझी होती. माझ्या बापाची होती म्हणजे माझीच. आता ती नागपूरच्या हेलात ऐकावी लागत होती.

दसऱ्याला तर कहर झाला. शेजाऱ्याने केणी धुऊन पुसून अंगणात उभी केली, झेंडू मिळाला नाही म्हणून पिवळी शेवंती आणली, आणि बाबांनी फाळाला हळद-कुंकू वाहिलं. म्हाताऱ्या बाई केक घेऊन आल्या. प्रसाद वाटताना शेजाऱ्याचा बूट फाळाला लागला, तसा त्याने चटकन वाकून फाळाला हात लावून कपाळाला लावला. बाईंनी मला विचारलं, हे काय? मी म्हटलं, आमच्यात पूजेच्या वस्तूला पाय लागला की तिची माफी मागतात. "हाऊ पोलाइट," त्या म्हणाल्या. बाबांनी शेजाऱ्याकडे पाहून मान डोलावली. मुलगा संस्कारी आहे, अशी ती मान. माझेही संस्कार काही कमी नव्हते, पण माझा पाय लागला नव्हता त्याला मी काय करणार?

मी हातपाय मारले नाहीत असं नाही. ऑफिसात लंच-ब्रेकमध्ये अशा यंत्रांचं मॅन्युअल शोधून प्रिंट काढलं, ट्रेनमध्ये वाचलं. जेवताना सहज म्हणाले, "बाबा, थंडीत साधं तेल घट्ट होतं. पंपात पातळ तेल लागतं."

"हं," बाबा म्हणाले. "त्याने परवाच आणलं."

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "पुढे फाळाचं वजन पडतं, मागे भार टाकायला हवा."

"वाळूच्या पिशव्या टाकल्या की आम्ही. चार."

आम्ही! भाकरी माझी, आणि आम्ही म्हणजे ते दोघं.

शेवटी मी शेजाऱ्याला गाठलं. म्हटलं, तुम्ही नसताना बर्फ पडला आणि ह्यांना हॉस्पिटलातून कॉल आला तर कोण चालवणार? बाबांकडे इथलं लायसन्स नाही. माझं नाव गाडीच्या इन्शुरन्सवर घाला. तो म्हणाला, "अरे, मला कसं नाही सुचलं! आजच फोन करतो, वहिनी." केलाही. गाडी कशी चालवायची, दांडी कशी धरायची, दोन रविवार मला शिकवलंही. माणूस थोडा तरी वाईट असावा, म्हणजे त्याच्यावर नीट जळता येतं. ह्याने ती सोयही ठेवली नव्हती. बाबांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुला कशाला ते?"

डिसेंबरात बर्फ आला आणि आला तो आलाच. पहिल्या सकाळी मी खिडकीतून पाहिलं. शेजारी आत, बाबा बाहेर, डोक्यावर माझ्या नवऱ्याची लोकरी टोपी. आरोळी झाली, फाळ टेकला आणि केणी माणसाच्या चालीने निघाली. बाबांचा नियमच तो, की चालणाऱ्याच्या पुढे जायचं नाही. दोघांनी आधीच रस्त्याच्या कडेने बांबूच्या काठ्या रोवून त्यांना लाल पट्ट्या बांधल्या होत्या. बर्फाखाली कडा, गटाराची झाकणं दिसत नाहीत, म्हणून. बर्फ कुणाच्या फाटकापुढे टाकायचा नाही, गटाराच्या तोंडावर टाकायचा नाही, खालच्या मेन रोडवर तर मुळीच नाही. तासाभरात चढ मोकळा झाला. म्हाताऱ्या बाई दारात उभं राहून टाळ्या वाजवत होत्या. शेजारी गाडीतून उतरला, आणि बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

खिडकी बंद होती. पण तो शब्द मला ओठांवरून कळला. मी तो ओळखायला शिकले होते.

मी पोह्यांचा गॅस बंद केला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. चाळिशीला आलेली बाई, बँकेत सॉफ्टवेअरची टीम सांभाळणारी, एका शब्दासाठी नळ सोडून रडत होते. लाज वाटली. जळणं काही थांबलं नाही.

आता जे सांगायचं ते सांगणं जड जातंय. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फार वारा सुटला होता. दुपारी मी बाईंना वरणभात द्यायला गेले, तेव्हा त्यांच्या फाटकापलीकडची एक काठी आडवी पडलेली दिसली. तिथे गटाराचं झाकण रस्त्याच्या वर बोटभर आलेलं होतं, म्हणूनच तिथे काठी होती. चार पावलं जाऊन मी ती उभी करू शकले असते. घरी येऊन सांगू शकले असते. मी दोन्ही केलं नाही. माझ्या मनात नेमकं काय आलं होतं तेही लिहिते: लागू दे एकदा. बघू दे बाबांना, त्यांच्या लाडक्याचंही चुकतं. एवढंच. त्याला इजा व्हावी असं मनात नव्हतं. पण भाजायचं मनात नसलं तरी विस्तव भाजतोच.

रात्रभर बर्फ पडून काठी झाकली गेली. सकाळी शेजाऱ्याला ऑफिसात मीटिंग होती, त्यामुळे तो जरा वेगात होता. फाळ झाकणाला लागला. धाडकन आवाज झाला, स्प्रिंगांनी आपलं काम केलं, फाळ पुढे झुकला आणि मोडता मोडता वाचला. पण गाडी जागीच थांबली आणि तो मात्र थांबला नाही. त्याच्या कंबरेत अशी उसण भरली की त्याला दोघांनी धरून घरात न्यावं लागलं. नवऱ्याने तपासलं, म्हणाला हाड ठीक आहे, आठवडाभर पडून राहा.

बाबा त्याच्या उशाशी बसले होते. "माझं चुकलं," ते म्हणत होते. "काठ्या मी तपासायला पाहिजे होत्या."

"नाही हो काका, मीच घाईत होतो." तो विव्हळत म्हणाला.

मी गरम पाण्याची पिशवी घेऊन दारात उभी होते. पिशवी दिली आणि घरी आले.

दोन दिवसांनी पुन्हा बर्फ पडला, घोट्याच्या वर. बाईंचा तेलाचा टँकर त्याच दुपारी यायचा होता आणि त्यांच्या टाकीत तळाशी काही उरलं नव्हतं. नवरा आदल्या दिवसापासून हॉस्पिटलातच होता. बाबा सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. माझ्याकडे पाहायचे आणि पुन्हा खिडकीकडे जायचे.

"तुला येतं का खरंच?" शेवटी त्यांनी विचारलं.

"येतं."

त्यांनी एक सुस्कारा सोडला. "चल."

मी गाडीत बसले, काच खाली केली. बाबांनी आधी गाडीला एक फेरी मारली. पिना बघितल्या, नळ्या बघितल्या. लांब उभं राहून मला फाळ उचलायला लावला, काठीने खाली दोन ठोकळे सरकवले, किल्ली काढायला लावली, मगच बॅटरी घेऊन खालच्या पट्टीचे बोल्ट पाहिले. त्या धडकेनंतर एक सैल झालेला होता, तो आवळला. मग मागे होऊन काठीने ठोकळे बाहेर ओढले. हाताने नाही, काठीने. मी गाडी पुन्हा चालू केली. मग फाळाच्या कोपऱ्यापाशी उभे राहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पस्तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या तोंडून निघालं. "हात?"

बाबांनी दोन्ही हात वर केले. एक अख्खा, एक अर्धा. "बाहेर!"

मी दांडी पुढे ढकलली. फाळ खाली यायला लागला.

त्याच क्षणी बाबा मागे सरायला वळले आणि त्यांचा बूट फाळाला लागला. मला बूट दिसला नाही, बॉनेटच्या पलीकडे काहीच दिसत नव्हतं. मला फक्त त्यांचा डावा खांदा दिसला. तो खाली झुकला. घरात देवापुढे झुकायचा तसाच झुकला. दसऱ्याची हळद लागलेल्या वस्तूला पाय लागला होता, आणि बाबा तिची माफी मागायला वाकले होते. "बाहेर" म्हणून झाल्यावर.

मी दांडी सोडली. विचार करून नाही. तो खांदा मी लहानपणापासून पाहत आले होते. इतरांना शिकवताना, इतरांच्या पाठीवर थाप मारताना, ट्रकखाली शिरताना, मी लांब उभी राहून त्या माणसाच्या हाताखांद्यांशिवाय दुसरं काही पाहिलंच नव्हतं. दांडीवर दुसरा कुणी असता तर त्याने शब्दावर विश्वास ठेवला असता, आणि त्याची काही चूक नसती.

फाळ थांबला. बाबांचा हात कपाळाला लागलेला मला दिसला. नमस्कार पुरा झाला होता. मग त्यांनी खाली पाहिलं. फाळ आणि जमीन यांच्यामध्ये वीतभर जागा उरली होती. ते हळूच बाजूला झाले.

"किल्ली काढ," ते म्हणाले.

मी किल्ली काढून उतरले. ते पायरीवर बसले होते, बर्फावरच. मी म्हटलं, "बाबा, आत चला." ते डाव्या हाताची ती दोन खुंटं उजव्या हाताने चोळत राहिले.

"जॅक सटकला नव्हता," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"तेव्हा. खंडेनवमीचा दुसरा दिवस होता. जॅकला फूल वाहिलेलं होतं. माझा जोडीदार दांडीवर होता. त्याने विचारलं, हात? मी म्हणालो, बाहेर. आणि माझा पाय लागला जॅकला." त्यांनी वाकल्यासारखं केलं. "असा. आपसूक. मालकाला सगळे म्हणाले, त्याने न विचारता जॅक खाली घेतला. त्याला कामावरून काढलं. मी हॉस्पिटलात पडलो होतो. नंतर बोलीन म्हटलं. मग बोललोच नाही. लोक हसले असते, की नमस्कार करायला गेला आणि बोटं घालवून बसला."

म्हाताऱ्या बाई त्यांच्या खिडकीतून आमच्याकडे पाहत होत्या. मी त्यांना हात केला, सगळं ठीक आहे म्हणून. मग मी बाबांच्या शेजारी बसले. माझ्या तोंडात आलेलं मला गिळता येईना.

"ती काठी पडलेली मी पाहिली होती," मी म्हटलं. "आदल्या दिवशीच. सांगितलं नाही."

"का?"

"तुम्ही त्याला शाबास म्हणता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावतील असं वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "माझा जोडीदार कुठे आहे ते आता मला माहीतही नाही. हा तर पलीकडच्या घरात आहे. जा, सांग त्याला."

मला जावं लागलं नाही. गाडीचा आवाज बंद झाला म्हणून तोच बाहेर आला होता. कंबरेला पट्टा, एका हातात बांबूची काठी, पायात बायकोच्या स्लीपर. "काय झालं काका? काही मोडलं काय?"

मी त्याला सांगितलं. एका दमात, काठीचं सगळं. तो ऐकत राहिला. मला वाटलं आता तरी हा एकदा वाईट वागेल, माझा हक्कच होता तो. त्याचा चेहरा उतरला, कबूल. थोडा वेळ तो काठीच्या टोकाने बर्फ उकरत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं न." बस. एवढंच. आवाजही चढवला नाही. त्यानंतर माझी चांगली झोप किती दिवस उडाली होती ते माझं मला माहीत.

बाबा उठले, कपडे झटकले. "टँकर यायचाय," ते मला म्हणाले. "बस आत. आणि आता 'बाहेर' म्हटल्यावरही माझ्याकडे बघत राहायचं. शब्दावर जायचं नाही."

मी बसले. किल्ली लावली. ते ह्या वेळी फाळापासून चांगली चार पावलं दूर उभे राहिले. शेजारी काठी टेकत टेकत पुढे आला, धडकेनंतर पट्टी कशी दिसतेय ते बघायला. बाबांनी डावा हात त्याच्या छातीपुढे आडवा धरला.

"लांब उभा राहा," ते त्याला म्हणाले.

खरं सांगते, ते ऐकून मला आधी इतका आनंद झाला की मी आत बसून हसले. जळक्या माणसाचं हे असंच असतं. मग हसू थांबलं. काच खाली होती, चढावर दुसरा कुठला आवाज नव्हता. लहानपणी मला नेहमी वाटायचं बाबा ते वाक्य माझ्यावर ओरडतात. ते ओरडत नव्हते. कुणाला कळूही नये इतक्या हळू आवाजात म्हणत होते, आणि म्हणताना त्यांची ती अर्धी बोटं थरथरत होती.

"हात?" मी विचारलं.